इलेक्ट्रिक कार घ्यायची का? शोरूमच्या आधी पार्किंग बघा

आमचा धंदा वायरिंगचा, वडिलांपासूनचा. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाटा या भागात आमची बरीच कामं असतात आणि हल्ली त्यात कारच्या चार्जरची कामं खूप आली आहेत. बहुतेक वेळा फोन येतो तेव्हा गाडी बुक झालेली असते. मग मी जाऊन बघते तर मीटर रूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या टोकाला आणि सोसायटीच्या चेअरमनना कुणी विचारलेलंच नाही. म्हणून नाशिकमध्ये जो कुणी इलेक्ट्रिक कारचा विचार करतोय, त्याला माझं पहिलं सांगणं एकच असतं: रात्री गाडी जिथे उभी राहणार आहे, तिथे वीज पोहोचते का ते आधी ठरवा. पोहोचत नसेल तर बाकीच्या हिशेबात वेळ घालवू नका. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची गाडी चालवणं त्रासाचं आहे, आणि तिथली वीज घरच्यापेक्षा महागही पडते.

पार्किंगमध्ये काय बघायचं? मीटरपासून गाडीपर्यंत केबल कोणत्या वाटेने जाईल ते चालत जाऊन मोजा, भिंतीचे कोपरे आणि वळसे धरून. गाडीसोबत येणारा साधा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. त्याला 4 स्क्वेअरची (म्हणजे 4 चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची केबल पुरते. तो तासाला साधारण तीन युनिट भरतो, म्हणजे रात्रभरात पंचवीस-तीस युनिट. शहरात फिरणाऱ्याला याहून जास्त लागत नाही. भिंतीवरचा 7.2 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर खेचतो. त्याला किमान 6 स्क्वेअर, अंतर लांब असेल तर 10 स्क्वेअरची केबल लागते, आणि बहुतेक घरांना महावितरणकडून लोड वाढवून घ्यावा लागतो. तुमचा मंजूर भार किती, हे बिलावरच छापलेलं असतं.

आता अर्थिंग. याकडे सगळ्यांचा कानाडोळा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. ज्या सॉकेटवर गाडी लागणार, तिथे इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढाच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. मग घरातला गीझर चालू करून तीच मापं परत घ्या. पुष्कळ जुन्या इमारतींत फेज-अर्थचा आकडा निम्म्यावर आलेला दिसतो किंवा हलत राहतो. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक आहे, पण अर्थिंगचा जमिनीतला खड्डा केव्हाच सुकून गेलाय. अशा ठिकाणी गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसतो, आणि माणूस शोरूमला फोन करून गाडीला दोष देतो. चार्जरचं बरोबर असतं, तो तुमचा जीव सांभाळत असतो. नवीन अर्थिंगचा खड्डा, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसायची वेळ आली की तोडणारा स्विच) हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच चला. यात पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगते.

पार्किंग पक्कं झालं की बिल हातात घ्या. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, त्यापुढे चौथा. घरात आधीच अडीचशे युनिट जळत असतील तर गाडीची जवळपास सगळी वीज वरच्या महाग टप्प्यात जाते. त्यामुळे 'एवढे पैसे भागिले एवढे युनिट' असा सरासरी दर काढून गाडीचा खर्च ठरवलात तर फसाल. गाडीचे युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजा, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क धरून.

सिन्नरच्या एमआयडीसीत रोज जाणारा माणूस घ्या. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याचे दीड हजार. पेट्रोल कार लिटरला 15 देत असेल तर 100 लिटर. 104 रुपये भाव धरला तर 10,400 रुपये. इलेक्ट्रिक कार युनिटला सात किलोमीटर देईल असं धरू. चार्जिंगमधली घट मिळवून मीटरवर 240 युनिट पडतील. अगदी 16 रुपये दर धरला तरी 3,840. महिन्याला साडेसहा हजार वाचले. इलेक्ट्रिक गाडी तीन लाखांनी महाग असेल तर चार वर्षांच्या आत फरक भरून निघतो.

आता कॉलेज रोडवर राहणारं, महिन्याला चारशे किलोमीटर फिरणारं कुटुंब घ्या. त्याच हिशेबाने त्यांचे महिन्याला साधारण 1,750 रुपये वाचतात आणि तीन लाख वसूल व्हायला चौदा वर्षं लागतात. अशांना मी स्पष्ट सांगते, पैसे वाचवायला घेऊ नका. गाडी शांत चालते, धूर नाही, क्लच नाही, ट्रॅफिकमध्ये पाय दुखत नाही, यासाठी हवी असेल तर खुशाल घ्या. तेही कारण चांगलंच आहे.

छतावर सोलर असेल तर हा हिशेब पार बदलतो. 3 किलोवॅटचा संच आपल्याकडे दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास देतो, आणि पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्या संचाला 78,000 रुपये अनुदान आहे. स्वतःचं छत असलेल्याने सोलर आणि गाडी यांचा विचार एकत्रच करावा. सोसायटीत राहणाऱ्यांनी दुसरी वाट बघावी: महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी दरवर्गवारी आहे, आणि चार-पाच गाड्या होणार असतील तर सोसायटीने त्यासाठी स्वतंत्र मीटर घेणं सगळ्यांच्या सोयीचं. सोसायटीकडे चार्जरसाठी नाहरकत मागताना नुसता अर्ज देऊ नका. केबलची वाट दाखवणारा कच्चा नकाशा आणि वीज तुमच्याच मीटरवरून जाणार हे लिहून द्या. वाद बहुतेक वेळा याच दोन मुद्द्यांवर होतात.

बाहेरगावचं काय? त्र्यंबक, वणी, शिर्डी यांची काळजी करायला नको, कुठलीही बरी गाडी जाऊन-येऊन पुरते. प्रश्न मुंबई आणि पुण्याचा. कंपनीने छापलेल्या रेंजच्या साठ ते पासष्ट टक्के हायवेवर खरी धरा. 45 युनिटांची बॅटरी शंभरच्या वेगाने, एसी लावून अडीचशेच्या थोडं पुढे जाते. मुंबई एका बाजूने निवांत होते, पण परत यायला चार्जिंग हवं. पुणे दोनशे दहाच्या आसपास, म्हणजे पोहोचता, पण हाताशी फार उरत नाही. शिवाय मुंबईहून येताना चढ आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे-सहाशे मीटर उंच. चार माणसं बसलेली गाडी एवढी वर चढवायलाच सुमारे तीन युनिट जास्त जातात, म्हणजे वीस किलोमीटरची रेंज गेली. उतरताना त्यातली बरीचशी परत बॅटरीत येते, म्हणून जाताना गाडी छान वाटते. चार्ज किती ठेवायचा हे परतीच्या प्रवासावरून ठरवा. समृद्धीने गेलात तर कसारा घाट टळतो आणि 2025 च्या राज्याच्या ईव्ही धोरणात तिथे इलेक्ट्रिक कारला टोलमाफी आहे. पण तिथे 120 ने चालवलीत की बॅटरी भराभर उतरते. नव्वदने चालवा, फरक लगेच दिसतो.

टेस्ट ड्राइव्ह गंगापूर रोडवर एक चक्कर मारून संपवू नका. घरची माणसं बसवा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, एसी लावा, सिन्नरकडे हायवेवर जाऊन या आणि युनिटला किती किलोमीटर मिळाले ते लिहून घ्या. वरच्या हिशेबात माझ्या सातऐवजी तोच आकडा घाला. येताना गाडी स्वतःच्या पार्किंगमध्ये लावून चार्जिंगचं झाकण कोणत्या बाजूला येतं तेही बघा.

बॅटरीबद्दल दोनच प्रश्न विचारा. ती एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट प्रकारची आहे का? असेल तर उन्हाळ्याला आणि वारंवार पूर्ण चार्ज करण्याला ती जास्त टिकते. आणि वॉरंटीत क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली की कंपनी बॅटरी बदलून देते? आठ वर्षं, 1,60,000 किलोमीटर हे बरेच जण सांगतात. तो टक्का मात्र लेखी घ्या.

गोदाकाठी किंवा तळघरात पार्किंग असेल तर आणखी एक. गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की आपल्याकडे खालच्या भागात काय होतं ते आपण दरवर्षी बघतो. चार्जर आणि सॉकेट छातीच्या उंचीवर बसवा, एमसीबीची पेटी त्याहून वर, आणि विम्यात पाण्याने झालेलं बॅटरी-मोटरचं नुकसान धरलंय का ते पॉलिसीत वाचा. लोड वाढवण्याचा अर्ज गाडी यायच्या आधीच देऊन ठेवा. त्या कामाला वेळ लागतो.