मुलाखतीची तयारी आपल्याच बायोडेटापासून

दुसऱ्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले तेव्हा बायोडेटात मी झोकात लिहिलं होतं, ‘स्टॉकच्या नोंदींची पद्धत सुधारली’. समोरच्या बाईंनी त्या ओळीवर पेन टेकवलं. “म्हणजे नेमकं काय केलंत?” मी तीन मिनिटं बोलले, पण सांगितलं काहीच नाही. आता गेली काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसते आणि माझंही पेन अशाच ओळींवर टेकतं.

म्हणून कंपनीची वेबसाइट घोकण्याआधी स्वतःचा बायोडेटा प्रिंट करून पुढ्यात घ्या. प्रत्येक ओळीशेजारी चार गोष्टी लिहा: काय अडलं होतं, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, त्यानं काय बदललं. यालाच ‘स्टार’ पद्धत म्हणतात. बहुतेक उमेदवार पहिल्या भागातच रमतात आणि तिसऱ्यात “आम्ही केलं” म्हणून मोकळे होतात. नम्रता कळते हो, पण नोकरी ‘आम्ही’ला द्यायची नसते. माझं उत्तर असं हवं होतं: “वहीतले आकडे आणि शिल्लक माल जुळत नसे. हिशेब माझ्याकडे होता. माल बाहेर पडतानाच नोंद व्हावी म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला, दोघांना शिकवला. महिनाअखेरची मोजणी दोन दिवसांऐवजी अर्ध्या दिवसात होऊ लागली.” एवढंच. जी ओळ अशी उलगडत नाही, ती सरळ खोडा.

मग जाहिरात वाचा. त्यांनी मागितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तुमचा एकेक प्रसंग मांडा. चार-पाच पक्के प्रसंग असले की निम्म्याहून जास्त प्रश्न निभावतात.

“स्वतःबद्दल सांगा” याला दीड मिनिट पुरे: सध्या काय करता, आधीचं कोणतं काम इथे उपयोगी पडेल, इथेच का यायचंय. शाळेपासून सुरुवात नको. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज कानाला टोचतो, पण ‘म्हणजे’ किती वेळा येतं ते कळतं. शब्दन् शब्द मात्र पाठ करू नका. पाठांतर करणाऱ्याची नजर छताकडे जाते.

उणीव विचारली आणि कुणी “मी फारच परफेक्शनिस्ट आहे” म्हणालं, की आम्ही पॅनेलवाले एकमेकांकडे बघतो. खरी सांगा आणि तिच्यावर काय उपाय करताय तेही सांगा. जुन्या साहेबांची गाऱ्हाणी नकोत, अगदी खरी असली तरी.

कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे, बूट आधी वापरलेले. दहा मिनिटं आधी पोचा. तासभर आधी जाऊन बसलात तर आतल्यांनाच अवघडल्यासारखं होतं. व्हिडिओवर असाल तर कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत ठेवा आणि उजेड समोरून घ्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो.

उत्तर येत नसेल तर “हे मी केलेलं नाही, पण सुरुवात अशी करेन” म्हणा. अशा उत्तरावर मी एकदा एकाला निवडलंय. शेवटी “काही विचारायचंय?” आलं की “नाही” म्हणू नका. “पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालेलं तुम्हाला हवंय?” हे विचारा. उत्तरातून साहेब कसा असेल याचाही अंदाज येतो.

बाहेर पडलात की लगेच, विसरायच्या आत, विचारलेले प्रश्न फोनमध्ये टिपून ठेवा. दुसऱ्या फेरीत त्यातला एखादा पुन्हा येऊ शकतो, आणि मी तरी जिथे उमेदवार अडखळला होता तोच काढते.