सनईचा मेळ बसवायचा कसा (एस्टोनियाच्या तोरुपिलवरून सुचलेलं)

शिमग्याला पालखीपुढं ढोल बडवायला वाडीतली पोरं रांग लावतात, पण सनईला एकच काका, तेही सत्तरीतले, आणि ते नसले की स्पीकर. कोकणात बऱ्याच गावांत हेच चाललंय. माझं म्हणणं एवढंच, एकुलता एक शिष्य शोधत बसू नका, सरळ मेळ उभा करा, म्हणजे एकत्र वाजवणारा गटच.

युरोपातल्या एस्टोनियात तोरुपिल म्हणून पिशवीत हवा भरून वाजवायचं वाद्य आहे, किनाऱ्याकडं आणि बेटांवर ती पिशवी सीलच्या जठराची करायचे, लग्नात नाचायला हेच वाजायचं. हीउमा बेटावरचा युहान माकेर (1845–1930) फार नावाजलेला. 1968 ला अलेक्सांदर माकेर गेला आणि जुन्या परंपरेतला जवळपास शेवटचा वादक संपला. पण 1970 च्या दशकात ओलेव रूमेटनं 25 जणांना शिकवायला घेतलं, वाद्यं वोल्देमार सूदानं बनवली, आणि वाद्य परत उभं राहिलं.

आपल्याकडं करायचं तर आधी पट्टी, म्हणजे वाद्याचा मूळ सूर, ठरवा. घरोघरच्या जुन्या सनया गोळा केल्यात तर एक काळी एकची, दुसरी पांढरी चारची, सूर जुळणारच नाहीत, म्हणून एकाच कारागिराकडून एकाच मापाच्या घ्या, पाच-सहा पुरेत.

मग सगळ्यांना लगेच चाल शिकवू नका, हे फार महत्त्वाचंय. तोरुपिलला एक-दोन नळ्या नुसता सूर धरून असतात आणि पिशवीतल्या हवेमुळं तो तुटत नाही. आपल्याकडं ती पिशवी म्हणजे आपले गाल, गालातली हवा बाहेर ढकलत त्याच वेळी नाकानं श्वास घ्यायचा. नवीन पोरांना सुरवातीला फक्त सूरच द्या, मोबाईलवर तानपुरा ॲप लावून षड्ज (सा) धरायला सांगा, काका चाल वाजवतील आणि बाकीचे सूर धरतील. श्वास पण बसतो, कान पण तयार होतो आणि पोरगं पहिल्या आठवड्यापासून मेळात असतं, कोपऱ्यात एकटं पीं पीं करत बसत नाही. सूर न तुटता राहायला लागला की एकेकाला चालीवर घ्या, दोघं चालीवर, बाकी सुरावर, आलटून पालटून.

काकांच्या चाली रेकॉर्ड करा, एकदा नेहमीच्या लयीत आणि एकदा अगदी सावकाश, बोटं दिसतील असा व्हिडिओ.

पावसात पत्ती (सनईच्या तोंडाशी फुंकायची ती) सर्द होते, आवाज बसतो, तर जादाच्या पत्त्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. भाताची लावणी आटपली की तालीम सुरू करा म्हणजे शिमग्यापर्यंत दोन-तीन चाली नक्की बसतात. आणि काकांना दर महिन्याला मानधन द्या, वर्गणीतूनच काढा, नुसत्या शाल-नारळावर भागवू नका.