जॉबर की एसी मेकॅनिक: ऑटोमेशनचा धोका आणि कमाई कशी ताडून पाहावी

सोलापुरात आयटीआय करून बाहेर पडणाऱ्या मुलाला टॉवेल-चादरीच्या कारखान्यात जॉबरच्या, म्हणजे माग जुळवून दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या, हाताखाली लागून मागांची दुरुस्ती शिकता येते, किंवा एसी-फ्रिजच्या कामात शिरता येते. दोन्ही कामे मेकॅनिकचीच असली, तरी ऑटोमेशनचा धोका आणि वर्षाची कमाई या दोन्ही बाबतींत ती फार वेगळी आहेत.

इंटरनेटवर व्यवसायाचे नाव टाकले की धोक्याची टक्केवारी लगेच मिळते, परंतु तिच्यावर निर्णय सोपवू नये. ऑक्सफर्ड विद्यापीठातील फ्रे आणि ऑस्बर्न यांनी २०१३ मध्ये अमेरिकेतील ७०२ व्यवसाय तपासून तेथील सुमारे ४७ टक्के रोजगार मोठ्या धोक्यात असल्याचा अंदाज मांडला आणि तो आकडा आजही फिरतो. तो तांत्रिक शक्यतेचा आकडा आहे. अक्कलकोट रस्त्यावरील कारखानदाराला नवा माग परवडतो का, याचे उत्तर त्यात नाही. मात्र त्या यादीतील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे: मेकॅनिकांवर देखरेख करणाऱ्याचा धोका तेथे एक टक्क्याहूनही कमी धरलेला आहे.

म्हणून व्यवसायाच्या नावाऐवजी कामांची यादी करावी. त्या धंद्यातील माणसाला आठवडाभर काय काय करावे लागते ते लिहून काढावे आणि प्रत्येक कामापुढे दोन प्रश्न विचारावेत: हे काम दर वेळी त्याच जागी, त्याच यंत्रावर होते का? आणि नवे यंत्र आल्यावर हे काम उरते का?

जॉबरच्या यादीला दुसरा प्रश्न लावला की खरी अडचण दिसते. साध्या यंत्रमागावर धोट्याची (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाची) फेक जुळवणे, फेकीचे झिजलेले भाग बदलणे, डॉबीचा (साधी नक्षी विणण्यासाठी उभे धागे उचलणाऱ्या यंत्रणेचा) दोष काढणे ही कामे कानाने आणि हाताने होतात आणि ती करणारा रोबोट कोणी आणणार नाही. पण मालकाने रेपिअर किंवा एअरजेट हा आधुनिक माग घेतला, तर त्यात धोटाच नसतो आणि धोट्याभोवतीचे सगळे कौशल्य एका दिवसात निरुपयोगी होते. जकार्ड, म्हणजे गुंतागुंतीची नक्षी विणणारी यंत्रणा, इलेक्ट्रॉनिक झाले की नक्षीची छिद्रांची पुठ्ठी जातात आणि त्यांच्याशी संबंधित कामही जाते. त्याऐवजी सेन्सर, मोटर-ड्राइव्ह आणि पडद्यावरचे दोष-संदेश येतात. त्यामुळे केवळ साधा माग जाणणाऱ्या जॉबरचा धोका मी मोठा मानतो. दोन्ही प्रकारचे माग जाणणाऱ्याचा मानत नाही.

एसी मेकॅनिकचे काम पहिल्या प्रश्नावरच तरते, कारण त्याची जागा दर वेळी वेगळी असते. एक आउटडोअर युनिट गच्चीवर, दुसरे तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला टांगलेले, तिसऱ्याची पाइप छतामागे दडलेली. अशा जागी ब्रेझिंग करणे (तांब्याच्या नळ्या तापवून जोडणे) किंवा नळ्यांतील हवा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावणे यंत्राला सोपे नाही. इन्व्हर्टर एसी स्वतःच दोषाचा कोड दाखवतो, त्यामुळे निदानाचा थोडा भाग जातो आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) दुरुस्त करण्याऐवजी बदलण्याकडे कल वाढतो, हे खरे. येथे खरा बदल एसीत थंडावा देणाऱ्या गॅसचा आहे. आर-२२ टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, तर नव्या यंत्रांतील आर-३२ सौम्य ज्वलनशील आणि आर-२९० पूर्ण ज्वलनशील आहे. ते हाताळण्याचे रीतसर प्रशिक्षण नसलेला माणूस मागे पडेल.

बाजाराचा धोका मात्र वेगळ्या रकान्यात लिहावा. सोलापूरच्या मोठ्या कापड गिरण्या बंद पडल्या त्या रोबोटमुळे नव्हे, तरी तेथील मेकॅनिकांचे काम गेलेच.

कमाईची तुलना महिन्याच्या आकड्यावर कधीही करू नये, कारण एसीचे काम उन्हाळ्यावर चालते. केवळ रीत कळावी म्हणून काही आकडे गृहीत धरू. जॉबरला महिना १८,००० रुपये मिळतात, त्यातील १५,००० रुपयांवर मालक १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी भरतो. म्हणजे वर्षाचे २,१६,००० अधिक २१,६०० असे २,३७,६०० रुपये झाले. एसी मेकॅनिकला उन्हाळ्याचे चार महिने २६,००० आणि उरलेले आठ महिने १४,००० रुपये मिळाले, तर तेही २,१६,००० होतात. पण पेट्रोल आणि हत्यारांचे महिना २,००० वजा केले की हाती १,९२,००० उरतात. मे महिन्यातील कमाई ऐकून भाळणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) वैद्यकीय सोय मिळू शकते, तीही हिशेबात धरावी. लहान कारखान्यात निधी आणि ईएसआय दोन्ही नसतील, तर जॉबरची आघाडी जवळजवळ निम्मी होऊन वर्षाला २४,००० रुपयांवर येते. म्हणून नोकरी धरण्यापूर्वी तेथील जुन्या कामगाराला पगारपत्रक मिळते का, हे विचारावे.

एसीच्या वाटेवरील हिवाळ्याची तूट भरून काढण्याचा मार्ग जिल्ह्यातच आहे. डाळिंब आणि द्राक्षांच्या शीतगृहांतील यंत्रणा घरगुती एसीपेक्षा अवघड असते आणि हंगामाबाहेरही तिची देखभाल करावी लागते. दोन वर्षे घरगुती काम करून तिकडे वळण्याची तयारी असेल, तर मी एसीची वाट निवडेन. ज्याला चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत रेपिअर माग असलेल्या कारखान्यात निधीसह जागा मिळत आहे, त्याने मात्र जॉबरकीला नाही म्हणू नये आणि पहिल्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक्सचा सायंकाळचा वर्ग शोधावा.