सुगंधी सीडर स्वतः कापताय? या चुका टाळा

अमेरिकेत ओक्लाहोमा, मिझुरी या राज्यांकडे शेतांच्या कडेने जे लाल गाभ्याचं सीडर माजलंय ते खरं तर जुनिपर आहे, जुनिपेरस व्हर्जिनियाना, आपल्या देवदाराशी त्याचं नातं लांबचं. एकेकाळी अमेरिकेतल्या पेन्सिली याच लाकडाच्या व्हायच्या. आज कितीतरी शेतकरी ते तोडून ढीग करून जाळतात, बघून जीव तुटतो, कारण पोर्टेबल सॉ मिल (ओंडक्याच्या फळ्या कापायचं, कुठेही नेता येणारं यंत्र) असेल तर त्यातून कपड्यांच्या पेटीसाठी फार सुंदर फळ्या निघतात. फक्त त्याला पाईन समजून कापायला जाऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मेटल डिटेक्टर न फिरवता ओंडका मिलवर चढवणं. याची निळसर फळं पक्षी खातात आणि कुंपणाच्या तारेवर बसून बिया टाकतात, म्हणून झाडं नेमकी कुंपणाच्या रेषेतच उगवतात, मग कोणीतरी त्याच झाडाला काटेरी तार ठोकतं आणि पुढे झाड जाड होत गेलं की तार, खिळे सगळं पोटात घेतं, वरून साल अगदी स्वच्छ दिसते. माझं नवंकोरं ब्लेड असंच एका तारेवर गेलं, तेव्हापासून कुंपणाजवळच्या झाडाचा खालचा चार-पाच फुटांचा भाग मी मिलवर घेतच नाही. आणि बुंध्याला ज्या खोल खाचा असतात ना, त्यात साल आणि माती अडकलेली असते, ती आधी काढा, नाहीतर तार नसतानाही ब्लेड बोथट होणार.

फळी लाटांसारखी येतेय अशी तक्रार तर सगळ्यांचीच असते. लाकूड मऊ आहे म्हणून लोक जोरात ढकलतात, पण यात गाठी खच्चून असतात आणि त्या कडक, ब्लेड गाठीवर आलं की वर किंवा खाली पळतं. गाठ आली की वेग कमी करा, हुक अँगल, म्हणजे ब्लेडचे दात पुढे झुकलेले असतात तो कोन, कमी असलेलं ब्लेड लावा (मी १० डिग्रीवरून ७ वर आलो, बराच फरक पडला), ब्लेडचा ताण बघा आणि ब्लेडला सरळ धरणारं गाईड ओंडक्याच्या जितकं जवळ आणता येईल तितकं आणा. एवढं करूनही लाट येत असेल तर मिल बंद करून ब्लेडला राळ चिकटलीय का बघा, बहुतेक वेळा तेच निघतं. पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाकून ते ब्लेडवर थेंब थेंब सोडत राहा. काहीजण डिझेल वापरतात, पण पेटीच्या लाकडाला मी ते लावणार नाही, आपण वासासाठीच तर एवढी मेहनत करतोय.

ओंडका एका टोकाला बारीक असतो, तो तसाच आडवा ठेवून कापला तर लाल गाभा तिरका कापला जातो आणि फळीच्या एका टोकाला नुसतं पांढरं लाकूड येतं. बारीक टोक थोडं उचलून गाभा ब्लेडला समांतर करा. बाहेर बागेत वापरणार असाल तर पांढरा भाग काढूनच टाका, तो कुजतो, टिकतो तो लाल.

वाळवताना टोकांना लगेच मेण किंवा रंग लावा, फळ्यांच्या थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या घाला, आणि उन्हात ठेवू नका, तो जांभळट लाल रंग उन्हाने उडून तपकिरी होतो. भट्टीत वाळवायचं असेल तर उष्णता कमी ठेवा, जास्त तापवलं की तेल उडतं आणि वासही जातो.

भुसा घशाला आणि नाकाला झोंबतो, मास्क लावाच, वास छान आहे म्हणून तसेच उभे राहू नका.

पेटीला आतून वार्निश मारू नका. वास अडतो, शिवाय या लाकडाच्या तेलामुळे फिनिश नीट वाळत नाही, चिकट राहतं आणि ते कपड्यांना लागतं. आतून कोरंच ठेवा, काही वर्षांनी वास मंदावला की बारीक सँडपेपर हलकासा फिरवा, परत तोच वास येतो.