सायकलची सीट टोचते? नवी घेण्याआधी या चुका टाळा

दुकानात सीट निवडायची आपली रीत ठरलेली आहे. अंगठ्याने दाबून बघायचं. अंगठा आत गेला की सीट भारी. पहिल्या रविवारी मरीन ड्राइव्हला एक चक्कर होते, मजा येते. दुसऱ्या रविवारी कोणीतरी वांद्र्यापर्यंत जाऊ म्हणतं (सी लिंकवर सायकलला बंदी, त्यामुळे माहीमवरूनच) आणि शिवाजी पार्क येईपर्यंत माणूस एकदा डाव्या, एकदा उजव्या बुडावर बसायला लागतो. मग पुन्हा दुकान, आणखी मऊ सीट, आणि तिच्यावर जेलचं कव्हर.

कडक स्टुलावर दोन्ही तळहात बुडाखाली घेऊन बसा आणि थोडं पुढेमागे डोला. हाताला हाडांची दोन टोकं लागतील. सीटवर येणारा भार या दोन टोकांनी घ्यायचा असतो. फार मऊ सीटमध्ये ती खाली रुततात आणि मधला फोम वर फुगतो, तोही नेमका जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत तिथे. म्हणून मऊ सीट पहिली वीस मिनिटं गादीसारखी वाटते आणि तासाभराने मुंग्या आणते. जेलचं कव्हर हेच काम दुप्पट जोमाने करतं, वर ते सरकतं आणि पावसात स्पंजसारखं पाणी धरून ठेवतं. आमच्या मते ते घेऊच नका.

माप न घेता घेतलेली सीट

सीटचा आकार माणसाच्या जाडीवर ठरत नाही, हाडांमधल्या अंतरावर ठरतो. सडपातळ माणसाची हाडं एकमेकांपासून लांब असू शकतात आणि धिप्पाड माणसाची जवळ. ‘लेडीज’ किंवा ‘जेंट्स’ लेबलवरही विसंबू नका.

माप घरी निघतं. पार्सलच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवा. पातळ पँट घालून त्यावर बसा, टाचा उचला, हँडल धरल्यासारखं पुढे वाका आणि मिनिटभर तसेच राहा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून हलकेच फिरवा. खळगे कोरे राहतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा. बहुतेकांचं माप १०० ते १५० मिमीच्या दरम्यान येतं.

समजा ११८ मिमी आलं. वाकून चालवत असाल तर त्यात २० ते २५ मिमी मिळवा, म्हणजे १४३ च्या आसपासची सीट. हँडल उंच आणि पाठ जवळजवळ ताठ असेल तर ३० किंवा जास्त मिळवा, म्हणजे १४८ किंवा त्याच्या पुढे. हे जास्तीचे मिलिमीटर लागतात कारण सीटच्या कडा खाली उतरत्या असतात आणि हाडं सपाट भागावर यायला हवीत. रुंद तितकी चांगली, असंही नाही. गरजेपेक्षा रुंद सीट प्रत्येक पॅडलला मांडीच्या आतल्या बाजूला घासते.

‘डबेवाले आणि पाववाले दिवसभर चालवतात, त्यांना कुठे काय होतं?’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. त्यांच्या काळ्या सायकलीचं हँडल उंच असतं, सीट रुंद आणि स्प्रिंगवाली असते, आणि मुख्य म्हणजे दर थोड्या वेळाने ते खाली उतरतात. तीच सीट वाकून चालवायच्या हायब्रिडवर बसवली तर दादरहून मुलुंडपर्यंत मांड्या सोलून निघतील.

सिग्नलला पाय टेकावा म्हणून खाली ठेवलेली सीट

मुंबईत सर्रास होणारी चूक ही. सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय रस्त्यावर टेकले पाहिजेत, म्हणून ती चार-पाच सेंटीमीटर खाली असते. गुडघे वाकलेलेच राहतात, पाय पॅडलवर भार घेत नाहीत आणि पूर्ण वजन बुडावर येतं. त्यात गुडघ्याची पुढची बाजूही दुखायला लागते.

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, मांड्यांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या आकड्याला ०.८८३ ने गुणा. पायाचं माप ७८ सेमी असेल तर उत्तर ६८.९ सेमी. पॅडल जिथे फिरतात त्या दांड्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, फ्रेमच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. ही सुरुवात समजा. पुढचा फरक तीन-तीन मिलिमीटरनेच करा. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा वाक राहिला पाहिजे. मागून कोणाला तरी बघायला सांगा: कंबर डावी-उजवी हलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे, आणि तेवढ्या हलण्यानेच कातडी सोलते.

मग सिग्नलला काय करायचं? सीटवरून पुढे उतरून फ्रेमचा दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभं राहायचं, एक पाय खाली, दुसरा वर आलेल्या पॅडलवर. दोन दिवसांत सवय होते.

उंची वाढवताना सीटपोस्टवरची (सीट ज्या दांड्यावर बसते तो) किमान खोलीची खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये.

कोन डोळ्यांनी ठरवणं

पुढचं टोक खाली केलं की पुढचा दाब कमी होतो, हे खरं. पण तीन अंशांच्या पुढे गेलात की शरीर घसरत राहतं आणि ते थोपवायला हात ताठ होतात. मनगटं आणि तळहात दुखायला लागले की लोक हँडलच्या ग्रिप बदलतात, खरा गुन्हेगार मात्र सीटच असते. सुरुवात सपाटपासून करा, गरज वाटली तर एक-दोन अंश खाली.

सीटवर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवून त्यावर मोबाइलमधलं लेव्हल ॲप लावा. एक मेख आहे: बिल्डिंगच्या पार्किंगची फरशी पाणी वाहून जावं म्हणून बहुधा उताराची असते. आधी फोन जमिनीवर सायकलच्या दिशेने ठेवून बघा, तिथे दोन अंश दाखवत असेल तर तेवढे वजा करा.

साध्या सायकलींच्या जुन्या पद्धतीच्या क्लॅम्पला (सीट दांड्यावर धरून ठेवणारी पकड) दात असतात आणि एक दात सरकवला की कोन एकदम बदलतो. नट अर्धवट आवळला तर गतिरोधकावर आपटताच दात सुटतात, सीट मागे कलंडते आणि दातांच्या कडा झिजतात. एकदा झिजले की कितीही आवळा, टिकत नाही, क्लॅम्पच बदला. दोन्ही बाजूंचे नट आलटून-पालटून आवळायचे.

कोल्हापुरी चावते तशी

सीट ‘रुळते’ म्हणजे काय, याबद्दल बराच घोळ आहे. फोमची सीट रुळत नाही. ती आहे तशीच राहते, रुळता तुम्ही. दोन-तीन आठवडे एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास चालवलं की हाडांवरचं ते नवखं ठणकणं जातं. नाही गेलं तर माप किंवा बसवणं चुकलं आहे.

चामड्याची सीट मात्र खरोखर रुळते. बर्मिंगहॅमला १८६६ मध्ये सुरू झालेल्या ब्रूक्सची बी-१७ ही त्यातली सगळ्यात माहितीची. कोल्हापुरी चप्पल जशी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची, तशीच ही सीटही वनस्पतींच्या अर्कात कमावलेल्या जाड चामड्याची असते, म्हणून दोघींचा स्वभाव एकच. आधी चावते, करकरते, मग पायाची होते. लोखंडी सांगाड्यावर चामडं ढोलकीसारखं ताणलेलं असतं आणि खाली फोम नसतो. घाम, ऊब आणि वजन यांनी हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात. साधारण ३०० किमीनंतर फरक जाणवतो, काही सीटा हजारापर्यंतही जातात. मरीन ड्राइव्ह एका बाजूने साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन चाळीसेक फेऱ्या. नवी चामडी सीट लावून थेट लोणावळा गाठायचा बेत आखू नका.

पहिल्या दिवशी कंपनीचं मेण वरून पातळ आणि खालून जरा जाड लावा, रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्याने घासून पुसा. पहिल्या काही महिन्यांत दोन-तीनदा, नंतर तीन ते सहा महिन्यांतून एकदा पुरे. नवं चामडं निसरडं असतं आणि पुढे मधोमध बसतं, म्हणून याच सीटचं टोक एखादा अंश वर ठेवलेलं चालतं.

आता नेमकी गडबड कुठे होते? चप्पल तेलात बुडवतात तर सीटही बुडवू, असं म्हणून घरातलं खोबरेल तेल ओतलं जातं. चप्पल खाली जमिनीवर टेकलेली असते, सीट अधांतरी ताणलेली असते. तेलाने तंतू सैल पडले की आठवड्यात मऊ होते खरी, पण सहा महिन्यांत तिची झोळी होते. मधला भाग खाली जातो, कडा वर येतात आणि तुम्ही सांगाड्याच्या लोखंडावर बसता. मग दुसरी चूक: टोकाखालचा ताणाचा नट गरागरा आवळणं. चामडं पुढच्या रिव्हेटपाशी फाटतं. नट पहिले काही महिने मुळीच हलवू नका. पुढेही चामडं खरोखर सैल पडलं तरच, एका वेळी पाव फेरा.

बसायची हाडं एकमेकांपासून फार लांब असतील तर चामड्याच्या सीटच्या मागच्या लोखंडी कमानीवर टेकतात. ती कधीच रुळणार नाही. अशी सीट सोडून द्या.

जून ते सप्टेंबर

मुंबईच्या पावसात चामड्याची सीट हा हौसेचा मामला आहे. ओल्या चामड्यावर बसलात की ते वेडंवाकडं ताणलं जातं आणि तसंच सुकतं. वरून प्लॅस्टिकची पिशवी घातली तरी मागच्या चाकाचा चिखल खालून उडतो आणि तिथे चामडं कच्चं असतं, म्हणून मागचा मडगार्ड हवाच. सायकल छपराखाली लावली की पिशवी काढा. आत वाफ धरते आणि चार दिवसांत पांढरी बुरशी येते. बुरशी गच्चीत किंवा गॅलरीत कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत ठेवा, मग मेणाचा पातळ हात. भिजली तर पंख्याखाली वाळवा. ऊन, हेअर ड्रायर, इस्त्री यातलं काही नको, चामडं तडकतं.

सोपा उपाय म्हणजे पावसाळ्यासाठी दुसरी सीट दुसऱ्या सीटपोस्टवर बसवून ठेवायची. मेकॅनिक सीट पिलर म्हणतात तो हाच दांडा. आत जातो तिथे इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या, म्हणजे अदलाबदल दोन मिनिटांत होते आणि उंची चुकत नाही. याने आणखी एक काम साधतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये अशी काही चिकटते की करवत लावायची पाळी येते. दर दोन महिन्यांनी बाहेर काढा, पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या. कार्बन असेल तर ग्रीस नको, त्याची वेगळी पेस्ट मिळते.

कपडे, हवा, आणि दुखणं कुठे आहे

पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. आतली शिवण घामाने भिजली की सुरीसारखी लागते. जीन्सच्या मधल्या चौपदरी शिवणीवर तासभर बसून सीटला दोष देण्यात अर्थ नाही. घरी पोचल्यावर आधी शॉर्ट्स बदला, चहा मग. इथल्या दमटपणात जांघेत गजकर्ण सहज होतं, आणि मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम ते तात्पुरतं दाबून आणखी पसरवतं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पंक्चरवाल्याकडे कंप्रेसरने दगडासारखी हवा भरली असेल तर प्रत्येक पेव्हर ब्लॉक थेट मणक्यात पोचतो. ३२ मिमी टायर आणि ७० किलोच्या माणसाला बहुधा ५५ ते ६५ पीएसआय पुरतं. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा पाळा. खड्डा दिसला की दोन्ही पॅडल आडवे ठेवून सीटवरून दोन बोटं उठा.

एकाच बाजूला दुखत असेल तर आधी सीटचं टोक फ्रेमच्या रेषेत आहे का बघा. पार्किंगमध्ये सायकली इकडेतिकडे करताना ते हमखास फिरलेलं असतं. माकडहाड दुखत असेल तर अरुंद स्पोर्ट्स सीटवर फार ताठ बसता आहात. पुढचा भाग बधिर होत असेल तर टोक वर आहे, सीट उंच आहे किंवा हँडल फार लांब आहे. बधिरपणा ‘सवय होईल’ म्हणून सहन करायचा नसतो. उतरा, काही मिनिटं चाला, मग एकच गोष्ट बदला, दोन नाही. सायकलवरून उतरल्यावरही तो रेंगाळत असेल तर डॉक्टर गाठा.

जुनी चामडी सीट स्वस्तात मिळत असेल तर उलटी करून बघा. ताणाच्या नटाचे आटे किती उरलेत, रिव्हेटभोवती चिरा आहेत का, आणि सुलट केल्यावर पडलेले खळगे तुमच्या पुठ्ठ्यावरच्या मापाशी जुळतात का. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक असेल तर ती दुसऱ्याच्या पायाची कोल्हापुरी आहे.