भाड्याने द्यायच्या घराचे मोठे खर्च आधीच कसे मोजावेत

मुंबईत भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि वकिलाची फी हे सारे बहुतेक जण चोख मोजतात, म्हणून तो भाग येथे सोडून देतो. अंदाज चुकतो तो पुढच्या पाच-सात वर्षांत येणाऱ्या मोठ्या खर्चांचा. त्यासाठी ‘भाड्याचे दहा टक्के बाजूला ठेवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच मान्य नाही, कारण इमारतीच्या दुरुस्तीचा भाड्याशी काही संबंध नसतो. स्टेशनला लागून असलेल्या जुन्या इमारतीत भाडे उत्तम येत असतानाच तिच्या खांबांना तडे गेलेले असू शकतात.

प्रथम हातात पडणारे वार्षिक भाडे काढावे. दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा काळ धरून ते अकरा महिन्यांचेच समजावे आणि त्यातून मेंटेनन्स, करारनोंदणी, मालमत्ता कर आणि बिनभोगवटा शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून घेते ती रक्कम, वजा करावे. हे शुल्क मेंटेनन्समधल्या सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही, आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना महापालिकेचा मालमत्ता कर माफ आहे.

मग घराच्या आतली कामे: रंग, गीझर, वायरिंग, नळ. यांचा दर कोणताही चांगला कंत्राटदार सांगेल. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग मात्र वेगळे धरावे, कारण तेथून खालच्या घरात गळती झाली तर तो खर्च सोसायटीचा नसून तुमचा असतो.

यानंतरची पायरी म्हणजे सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीतला आपला वाटा काढणे. मलाही ती बराच काळ जड गेली, कारण हा आकडा कोणी आयता देत नाही. तो कागदपत्रांतून स्वतः काढावा लागतो. लेखापरीक्षित ताळेबंद आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते पाहण्याचा हक्क सदस्याला असतो. तुम्ही अजून सदस्य नसता, म्हणून बयाणा देण्यापूर्वी विक्रेत्यामार्फत गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, इतिवृत्ते आणि शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागवावा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर घर कितीही आवडले असले तरी थांबावे.

ताळेबंदात सिंकिंग फंडाचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीचा, आकडा पाहून समाधान मानू नये. तो देणे बाजूला दिसतो. मालमत्ता बाजूला तेवढ्याच रकमेच्या मुदत ठेवी आहेत का, हे तपासावे. नसतील, तर पैसा रोजच्या खर्चात गेलेला असण्याची किंवा सदस्यांच्या थकबाकीत अडकलेला असण्याची शक्यता मोठी असते. शिवाय आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीनुसार, या फंडाची किमान वर्गणी फ्लॅटच्या मूळ बांधकाम खर्चाच्या, जमिनीची किंमत वगळून, दरवर्षी पाव टक्का एवढीच आहे. चाळीस वर्षांपूर्वी फ्लॅटचा बांधकाम खर्च दीड लाख असेल, तर ही वर्गणी वर्षाला ३७५ रुपये होते. सभेने दर वाढवला नसेल तर एवढ्या निधीतून आजचे प्लास्टर होणार नाही, आणि खाऱ्या हवेच्या व चार महिन्यांच्या पावसाच्या या शहरात ते करावे लागतेच.

इतिवृत्तांत गच्चीची गळती, बाहेरचे प्लास्टर, लिफ्ट आणि पाण्याच्या टाक्या यांविषयीच्या तक्रारी आणि पुढे ढकललेले ठराव शोधावेत. वारंवार पुढे ढकललेले काम हे तुमच्या मालकीच्या काळात येणारे काम समजावे. ऑडिटमध्ये इमारत सी-१ प्रवर्गात, म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, ठरली असेल तर भाड्यासाठी ती घेऊ नये. सी-२ए किंवा सी-२बी असेल तर रचनात्मक दुरुस्ती अटळ आहे, आणि तिच्या खर्चाचा अंदाज अभियंत्याकडून लेखी घ्यावा.

आता हिशेब सोपा होतो. समजा, चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत ८० लाखांचे काम अपेक्षित आहे आणि ठेवी २० लाखांच्या आहेत. तूट ६० लाखांची, म्हणजे सारखी वाटणी धरल्यास दर फ्लॅटमागे दीड लाख. काम अडीच वर्षांत निघणार असेल तर महिन्याला ५,००० रुपये बाजूला पडायला हवेत. चाळीस हजारांच्या भाड्याचे दहा टक्के येथे कमी पडतात, आणि त्यात घरातल्या कामांचा एक रुपयाही धरलेला नाही. ही रक्कम सोसता येत नसेल, तर ती विक्रेत्याशी किंमत ठरवताना कमी करून घ्यावी. खरेदीखतानंतर तशी संधी उरत नाही.

आयकरात दुरुस्तीची वेगळी सूट मिळेल असे धरू नये. भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते; प्रत्यक्ष खर्च कमी झाला किंवा जास्त, ती तेवढीच राहते.

पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, आणि भाडेकरूची अनामत रक्कम त्यात मिसळू नये. करार संपताच ती परत द्यायची असते, त्यामुळे तिच्या जोरावर दुरुस्ती उरकणे म्हणजे दुसऱ्याचे पैसे वापरणे होय.

हा हिशेब दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आल्यावर पुन्हा मांडावा. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि नोटिशीसोबत नवा ताळेबंद येतो. स्वतः तेथे राहत नसलात तरी सभेला अवश्य जावे, कारण मोठ्या दुरुस्तीची वर्गणी किती आणि किती हप्त्यांत, हे तेथेच ठरते.