पन्नाशीनंतर काइटबोर्डिंग शिकायचंय? आधी हात सोडायला शिका

माझ्या पिढीतले बरेच सांगलीकर पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. त्यामुळे ‘पाण्याचं आम्हाला काय सांगता’ असा एक तोरा आमच्यात असतो. सत्तावन्नाव्या वर्षी काइटबोर्डिंगचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मलाही तो होता. यात भलामोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला अडकवायचा आणि पायाखाली फळी घेऊन पाण्यावरून सुसाट जायचं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याचाच एक प्रकार होता. घरच्यांनी हसून घेतलं. हसू द्यावं.

आधी डॉक्टर, मग तलाव

रक्तदाब, हृदय, खांदे आणि कंबर तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही विचारा, कारण यात आपटणं, खरचटणं ठरलेलं आहे. पोहण्याचा सराव तरणतलावातच करा. कृष्णेत आता मगरींचा विचार करावा लागतो. माझा हिशेब असा: काठाला हात न लावता २०० मीटर आणि त्यानंतर दहा मिनिटं शांतपणे तरंगणं जमलं, तरच पुढे जा. वेगाचं काही काम नाही, दम टिकला पाहिजे.

जमिनीवरचा छोटा पतंग

दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा पतंग मिळतो. तो घेऊन आम्ही जतकडच्या माळावर गेलो. विजेच्या तारा, रस्ता, पवनचक्क्या यांपासून लांब, मोकळी जागा बघा. पाठ वाऱ्याकडे करून उभे राहा. पतंग डोक्यावर असतो तेव्हा ओढ कमी असते; तोच समोर खाली आला की तुम्हाला खेचत नेतो. हे वाचून समजत नाही, खांद्याला समजतं.

तिथंच माझं कोपर फुटलं. झुळूक आली, पतंग समोरून सरकन गेला आणि मी काय केलं? बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला हातातला दांडा, घट्ट धरला. लहानपणापासूनची सवय! पतंग ओढायला लागला की आपण मांजा आवळतो. हातातून पतंग सुटणं म्हणजे नामुष्की. इथं नेमकं उलटं आहे. मोठ्या पतंगाचा बार जवळ ओढला की ताकद वाढते, सोडला की उतरते. घाबरलेला माणूस बार जवळ ओढतो आणि आणखी फरफटतो.

म्हणून सुटकेच्या तीन पायऱ्या पाठ करा. एक, बार सोडा. दोन, तरीही ओढ थांबली नाही तर समोरचा क्विक रिलीज, म्हणजे हार्नेसवरची झटक्यात सुटणारी कडी, उघडा; पतंग एकाच दोरीवर राहून लुळा पडतो. तीन, तोही धोक्याचा वाटला तर लीशचा, म्हणजे पतंगाला हार्नेसशी बांधून ठेवणाऱ्या त्या शेवटच्या दोरीचा, रिलीज उघडून पतंगच सोडून द्या. मी घरी हार्नेस घालून, डोळे मिटून हाताने रिलीज शोधायचो, रोज वीस वेळा. बायको विचारायची, ‘अहो, काय हरवलंय?’

दोरी बोटाला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका. ताणात ती कापत जाते. दोरी कापायची आकडीची सुरी हार्नेसला असू द्या.

वारा आणि जागा

कोयनेच्या जलाशयावर शिकायचा मोह आवरा. डोंगरांमधून येणारा वारा थांबतो, फिरतो, मध्येच धक्का देतो. नवशिक्याला समुद्राचा एकसंध वारा हवा, साधारण १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर. आकडे जवळचे वाटतात. पण ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १८ नॉटला ती १२ नॉटच्या सव्वादोन पट होते.

वारा किनाऱ्याला समांतर किंवा तिरका किनाऱ्याकडे येणारा असावा. जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर त्या दिवशी चहा प्या. पावसाळ्यात कोकणाच्या खवळलेल्या समुद्रात शिकायला जाऊ नका. रामेश्वरमला उथळ, सपाट पाणी मिळतं. गोवा आपल्याला मिरजेहून रेल्वेने जवळ, पण तिथं वारा बऱ्याचदा कमी पडतो.

पाण्यातले पहिले दिवस

प्रमाणपत्रधारक प्रशिक्षकच घ्या. यूट्यूबवर बघून हा खेळ शिकू नका. पाणी कमरेएवढं, वाऱ्याच्या दिशेला पुढे मोकळी जागा, अंगावर हेल्मेट आणि तरंगणारं जॅकेट. आधी फळीशिवाय, नुसतं पतंगाने स्वतःला पाण्यातून ओढून घ्यायचं. मग पडलेला पतंग पाण्यातून पुन्हा उठवणं आणि तो उठलाच नाही तर दोऱ्या गुंडाळून त्याच्याच आधाराने किनारा गाठणं. फळी त्यानंतर. तरुण पोरं दुसऱ्या दिवशी फळी मागतात. आपण मागू नये.

प्रशिक्षकाला सुरुवातीलाच सांगा: दिवसाला दोन तास, मध्ये एक दिवस सुट्टी. आपलं अंग दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मागतं. मूठ सैल पडायला लागली की दमलात. तेव्हा ‘अजून एकदा’ म्हणू नका.

मी फळीवर पहिल्यांदा उभा राहिलो तो पाचव्या दिवशी, सहा-सात सेकंद. मग पुन्हा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी वाऱ्याबरोबर थोडा खाली सरकत गेलो. फळी काखेत मारून परत चालत यायला वीस मिनिटं लागली आणि पायात शिंपले रुतले. तेव्हा पाण्यातले बूट घ्यायला विसरू नका.